चिपट्याचें वजन किती?

चिपटेंभर तांदळाचें वजन किती, असा प्रश्न पूर्वीच्या काळीं जुन्नरच्या पेठेंत एखाद्या अनुभवी वाण्यास कोणीं केला असता, तर त्याचें सरळ उत्तर मिळालें नसतें. तांदूळ नवे कीं जुने, अखंड कीं कण्या, चिपटें शिगेचें कीं सपाट, आणि तें चिपटें कोणाच्या दुकानचें, इतक्या गोष्टी त्यानें आधीं विचारून घेतल्या असत्या. यांत उत्तर टाळण्याचें चातुर्य नाहीं. माप जागा मोजतें आणि तागडी भार मोजते. या दोन गोष्टी एकमेकींत बसविण्याचा खटाटोप मनुष्यानें फार दिवस केलेला आहे, आणि त्या खटाटोपांत कोणाचें पोट भरलें व कोणाचें रिकामें राहिलें, हा इतिहासाचाच एक भाग आहे.

जुन्नर आणि आंबेगांव हे पुणें जिल्ह्याच्या उत्तरेकडील दोन तालुके. पश्चिमेस सह्याद्रीच्या कड्यास लागून भात, नागली, वरई व खुरासणी पिकविणारा डोंगरी मुलूख, आणि पूर्वेस बाजरी, ज्वारी, हरभरा यांची मोकळी जमीन. कुकडी, मीना व घोड या नद्यांच्या खोऱ्यांस कुकडनेर, मीननेर, घोडनेर अशीं गोड नांवें आहेत. या खोऱ्यांत धान्य मोजण्याचें जें कोष्टक चालत असे, तें पुणें प्रांतांत सर्वत्र चालणारेंच होतें. दोन निळव्यांचें एक कोळवें, दोन कोळव्यांचें एक चिपटें, दोन चिपट्यांचें एक मापटें, दोन मापट्यांचा एक शेर, दोन शेरांची एक अधोली, दोन अधोल्यांची एक पायली. पुढें बारा पायल्यांचा मण आणि वीस मणांची खंडी. पायलीपर्यंतचें सर्व कोष्टक दुपटीनें चढत जातें. दुप्पट आणि निमपट करण्यास पाटीपेन्सिल लागत नाहीं. दोन सारखीं भांडीं असलीं म्हणजे झालें. शेराचीं निळवीं सोळा आणि पायलीचीं चौसष्ट, हें निरक्षर बाईसही तोंडपाठ असे.

वजनाचें कोष्टक याहून अगदीं वेगळें. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा, इंग्रजी अमलांत स्थिर झालेला ऐंशी तोळ्यांचा शेर, आणि चाळीस शेरांचा मण. गंमत अशी कीं, शेर आणि मण हीं नांवें दोन्ही कोष्टकांत आहेत, पण त्यांचा अर्थ एक नाहीं. मापी मण अठ्ठेचाळीस शेरांचा, वजनी मण चाळीस शेरांचा. आणि तो मापी शेर वजनी शेराइतकाच भरेल असाही भरंवसा नाहीं. जुन्या दप्तरी कारकुनांना ही अडचण पक्की ठाऊक होती. म्हणून मोडी कागदांत धान्याच्या आंकड्यापुढें ‘कैली’ आणि तूप, गूळ, तंबाखू यांच्या आंकड्यापुढें ‘वजनी’ असा शब्द घालण्याचा प्रघात पडला. कैली म्हणजे मापानें मोजलेलें. हा एक शब्द गाळला तर साऱ्या हिशेबाचा अर्थ बदलतो.

नांवें कशीं फिरतात याचें आणखी एक उदाहरण म्हणजे नवटांक. बहात्तर टांकांचा शेर धरला तर नऊ टांक म्हणजे शेराचा आठवा हिस्सा, तें नवटांक. हा शब्द जन्मानें शुद्ध वजनाचा आहे. पुढें तेली, गवळी आणि (सांगण्यास हरकत नाहीं) दारूवाला यांनीं त्याच नांवाचें भांडें केलें, आणि वजनाचा नवटांक मापाचा होऊन बसला.

धान्य मापानें मोजण्याची चाल या भागांत किती जुनी असेल याचा अंदाज बांधतां येतो. जुन्नरच्या डोंगरांतील लेण्यांत जे ब्राह्मी लेख आहेत, त्यांपैकीं एकांत धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीनें सात खोल्यांचें लेणें आणि पाण्याचें टांकें दान दिल्याची नोंद आहे. सुमारें अठराशें ते दोन हजार वर्षांपूर्वीं येथें धान्याचा व्यापार एवढा संघटित होता कीं, व्यापाऱ्यांचा संघ डोंगर कोरवून घेऊं शकत होता. नाणेघाटानें कोंकणांत उतरणाऱ्या मार्गावरील ही मोठी पेठ. येथें रोज धान्य मोजलें जात असलें पाहिजे. शिवनेरी किल्ल्यावर अंबरखान्याची इमारत दाखवितात. किल्ल्यावरचें असें धान्य मण-खंडीच्या कैली हिशेबानेंच दप्तरीं पडे.

खळ्यावर रास पडली म्हणजे माप घालण्याचा एक विधीच असे. पहिल्या मापास ‘एक’ न म्हणतां ‘लाभ’ म्हणावयाचें आणि मग दोन, तीन असें मोजीत जावयाचें. तागडी खळ्यावर आणून, ती टांगून, दगडाची वजनें चढवून शंभर मण धान्य तोलणें हें दिवसांचें काम झालें असतें. पायली मात्र एका माणसाच्या हातांत अखंड फिरते. मापाची चाल टिकली ती मुख्यतः या सोईमुळें.

आतां मूळ प्रश्नाकडे वळावें. जुनीं चिपटीं गांवोगांव लहानमोठीं असत, म्हणून हिशेबाकरितां एक चिपटें असें कल्पावें कीं, ज्यांत बरोबर पाव लिटर, म्हणजे २५० ग्रॅम पाणी मावतें. त्याच चिपट्यांत पातळ तूप भरलें तर तें सुमारें २२८ ग्रॅम भरेल. साखर २१० ग्रॅमच्या आसपास, तांदूळ २०० च्या थोडे वर, आणि बारीक मीठ जवळजवळ ३००. कणीक मात्र हलकेंच भरली तर १२० ग्रॅम आणि दाबून भरली तर १६० ग्रॅमपर्यंत जाईल. भांडें एकच, भरणारा हात एकच, आणि वजन मात्र दुपटीहून अधिक फरकानें बदलतें. याचें कारण दुहेरी आहे. प्रत्येक पदार्थाचा कण स्वतः कमीअधिक जड असतो ही एक गोष्ट. आणि दोन कणांमध्यें हवा किती राहते ही दुसरी. पिठांत ही हवा सर्वांत जास्त, म्हणून पिठाचें माप सर्वांत लबाड. डबा दोनदां आपटला कीं पीठ खालीं बसतें आणि त्याच चिपट्यांत पांचवा हिस्सा जास्त मावतें.

मापानें मापाची अदलाबदल जेथें चालते, तेथें याचा परिणाम उघड आहे. मापाचें धान्य देऊन तेवढेंच माप मीठ घेतलें, तर दोघांचीं भांडीं सारखींच भरतात, पण एकाच्या ओझ्यांत दोन भार असतात आणि दुसऱ्याच्या ओझ्यांत तीन.

याहून मोठें प्रकरण शिगेचें. शीग म्हणजे मापाच्या कांठावर उभी राहणारी धान्याची निमुळती रास. ज्या चिपट्याचें तोंड दहा सेंटिमीटर रुंद आहे, त्यावर तांदळाची शीग सुमारें ७५ मिलिलिटरची राहते. म्हणजे पाव लिटरच्या चिपट्यावर जवळजवळ तीन दशांश भर. आतां तेवढेंच सपाट माप मावणारें, पण उंच व अरुंद तोंडाचें दुसरें चिपटें घेतलें, तर त्यावर शीग नांवालाच राहते. शीग ही तोंडाच्या रुंदीच्या घनाच्या प्रमाणांत वाढते. तोंड दीडपट रुंद केलें कीं शीग सव्वातीन पटींहून मोठी होते. सपाट भरून तपासलें तर दोन्ही मापें अगदीं खरीं! खोटें माप पकडणें त्या मानानें सोपें. दोन खऱ्या मापांतून होणारी लूट पकडणें कठीण.

डोंगरी खोऱ्यांतील गरीब कुळाचा संबंध या शिगेशीं दरसाल येई. पावसाळ्यांत घरांतला दाणा संपला कीं सावकाराकडून धान्य काढावयाचें आणि सुगीस तें वाढीदिढीनें फेडावयाचें, म्हणजे एका मणास दीड मण द्यावयाचे. देतांना सपाट मापानें दिलें आणि घेतांना वर सांगितल्यासारख्या शिगेच्या मापानें घेतलें, तर दीड मणाचे प्रत्यक्षांत जवळजवळ दोन मण होतात. कागदावर दिढी लिहिलेली असते, कुळही ‘दीड मण दिले’ म्हणूनच सांगतें, आणि खोटें कोणीच बोलत नाहीं. ‘देण्याचें माप वेगळें आणि घेण्याचें वेगळें’ अशी जी तक्रार खेड्यापाड्यांतून ऐकूं येत असे, तिचें गणित हें आहे.

या मुलखांतील सावकारीविरुद्धचा असंतोष काल्पनिक नव्हता. आंबेगांव भागांतील जांभोरीच्या होन्या भागोजी केंगले यानें १८७० नंतरच्या वर्षांत महादेव कोळ्यांना जमवून सावकारांविरुद्ध बंड केलें. तो १८७६ सालीं पकडला गेला. मधल्या काळांत, १८७५ मध्यें, पुणें आणि नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांचे दंगे झाले व सावकारांचे कागद जाळले गेले. त्यावर सरकारनें १८७९ सालीं दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीं निराळा कायदा केला. त्या कायद्याचें सारें लक्ष दस्तऐवज, पावती आणि हिशेब यांवर होतें. तें योग्यच होतें. परंतु कर्ज जेव्हां दाण्यांत दिलें आणि दाण्यांत घेतलें जातें, तेव्हां खरा दस्तऐवज म्हणजे पायली, आणि ती सावकाराच्या ओसरीवर असे.

हें दुखणें केवळ आपल्याकडचें होतें असें मात्र समजूं नये. फ्रान्समध्यें राज्यक्रांतीच्या आरंभीं, १७८९ सालीं, प्रजेनें ज्या तक्रारी लिहून दिल्या, त्यांत जमीनदारांच्या वाढत्या मापांविषयींची तक्रार पुन्हां पुन्हां येते. मेट्रिक पद्धतीचा १७९५ चा कायदा या पार्श्वभूमीवर झाला. इंग्लंडमध्यें शिगेचें माप १८३५ च्या कायद्यानें बंद केलें गेलें.

हिंदुस्थानांत माप आणि वजन यांचा सांधा जुळविण्याच्या कांहीं देशी युक्ति होत्या. म्हैसूर प्रांतांत नऊ प्रकारचीं नेहमींचीं धान्यें सारख्या भागांनीं मिसळून, त्या मिश्रणाचा ठराविक रुपयांइतका भार ज्या भांड्यांत मावेल तें शेराचें माप, अशी रीत होती. ही कल्पना मोठी चतुर आहे. कोणत्याही एका धान्याचा हलकेपणा किंवा जडपणा नवांच्या मिश्रणांत मुरून जातो. इंग्रजी अमलांत कर्नल सायक्स यांनीं दख्खनच्या परिस्थितीची जी पाहणी करून १८३८ सालीं प्रसिद्ध केली, तींत वजनांमापांचाही समावेश आहे. १८३३ मध्यें बंगालकडे तोळा १८० ग्रेनांचा ठरला, आणि हाच तोळा व ऐंशी तोळ्यांचा शेर पुढें १९३९ च्या मध्यवर्ती कायद्यानें सर्व देशाचा झाला. मुंबई इलाख्यानें त्यापूर्वींच, १९३२ सालीं, आपला वजनमापांचा कायदा केला होता. तरी खेड्यांतील लाकडी पायलीवर या कायद्यांचा शिक्का सावकाशच पोंचला. सरकारी पुस्तकांत धान्याचा भाव ‘रुपयास इतके पौंड’ असा लिहिला जाई, आणि बाजारांत ‘रुपयास इतक्या पायल्या’ असा बोलला जाई.

खरा पालट झाला तो स्वराज्यांत. १९५६ मध्यें मेट्रिक प्रमाणांचा कायदा झाला, १ ऑक्टोबर १९५८ पासून कांहीं क्षेत्रांत किलोग्रॅमची सुरुवात झाली, आणि एप्रिल १९६२ पासून वजनांत तोच सर्वत्र सक्तीचा झाला. जुना शेर ९३३ ग्रॅमचा आणि किलो सुमारें ८६ तोळ्यांचा. हा सहा तोळ्यांचा फरक गिऱ्हाइकाच्या पथ्यावर पडावयाचा कीं वाण्याच्या, हें भाव कसा बदलला यावर अवलंबून होतें. पण धान्याच्या बाबतींत याहून मोठी गोष्ट घडली. जें शतकानुशतकें कैली होतें, तें वजनी झालें. एका किलोस शीग नसते.

पश्चिमेकडील डोंगरांत याचा अनुभव हिरड्यामध्यें येतो. जुन्नर व आंबेगांवच्या आदिवासी गांवांतून उन्हाळ्यांत बाळहिरडा गोळा करून वाळविला जातो, आणि वर्षाच्या मिठामिरचीचा पैसा बऱ्याच घरांत त्यावर उभा राहतो. हिरडा ओबडधोबड, मापांत त्याच्या दोन फळांमध्यें जागा फार राहते, आणि भरणाऱ्याच्या हातावर सर्व कांहीं अवलंबून असतें. १९७२ मध्यें स्थापन झालेल्या आदिवासी विकास महामंडळानें पुढें असा माल किलोच्या भावानें घेण्याची व्यवस्था केली, हें मोठें काम झालें. अर्थात् वजन म्हणजे न्याय, असेंही नाहीं. ओला हिरडा जड आणि वाळलेला हलका. कोरड्याचा भाव देतांना ओलाव्याच्या नांवाखालीं किती कापावें हा नवा वाद उभा राहतो. कांटा मारणें हा शब्दही कांट्याबरोबरच आला. तथापि कांट्याचा दोष दुसऱ्या कांट्यावर तपासतां येतो. एकदां रिकामी झालेली शीग पुन्हां तपासतां येत नाहीं.

बाजार असा वजनी झाला, तरी स्वयंपाकघर कैलीच राहिलें. पिशवीवर किलो लिहिलेलें असतें, आणि पिशवी डब्यांत ओतली कीं त्या डब्यांत पत्र्याचें चिपटें किंवा वाटी पडते. रोजच्या भातास त्यानें कांहीं बिघडत नाहीं. तांदळाच्या दुप्पट पाणी हें मापाशीं मापाचें प्रमाण आहे आणि भांडें कोणतेंही असो, तें जमतें. म्हणूनच कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’नें (१९७०) वाटी आणि चमचा यांची भाषा घेतली आणि ती घरोघर चालली. अमेरिकेंत बोस्टनच्या पाकशाळेंतील फॅनी फार्मर यांनीं १८९६ च्या आपल्या पुस्तकांत सपाट पेला व सपाट चमचा यांचा आग्रह धरला होता. तो शीग मोडण्याचाच एक प्रकार होता. फक्त येथें सावकाराच्या जागीं केक होता.

अडचण येते ती भट्टीच्या पदार्थांत, आणि विशेषतः मापाची कृति वजनांत नेतांना. नानकटाईचें उदाहरण घ्यावें. दोन वाट्या मैदा, एक वाटी तूप, एक वाटी पिठीसाखर असें घरचें प्रमाण आहे असें धरूं. दिवाळींत मोठा घाणा करावयाचा म्हणून कोणी तें ‘अर्धा किलो मैदा, पाव किलो तूप’ असें लिहून घेतलें, तर पीठ मळलेंच जाणार नाहीं. हातांत भुगा राहील. पाव लिटरच्या वाटीनें दोन वाट्या मैदा सुमारें २६० ग्रॅम, आणि एक वाटी तूप २२८ ग्रॅम. म्हणजे वजनांत तूप मैद्याच्या निम्में नसून जवळजवळ बरोबरीचें आहे. बेकरीवाला या घोटाळ्यांत सांपडत नाहीं. तो मैद्याचें वजन शंभर धरतो आणि बाकीचें सारें त्या शंभरावर सांगतो.

माप जितकें लहान तितकी चूक मोठी. पायलींत चिमूटभर दाणे जास्त पडले तर कळतही नाहीं; चमचाभर सोड्यांत तेवढीच चिमूट पडली तर पदार्थास साबणाची चव येते. पांच मिलिलिटरचा सपाट चमचा सोडा सुमारें पांच ग्रॅम भरतो (जुन्या भाषेंत पांच मासे; मासा आणि ग्रॅम हे जवळजवळ सारखेच), आणि शिगेचा चमचा दीडपट ते दुप्पट. एवढें लहान वजन घरच्या कांट्यावर नीट उमटत नाहीं. त्यास उपाय जुन्या दुपटीच्या कोष्टकांतच आहे. एक निळवें तोलूं नये. सोळा निळवीं भरून एकत्र तोलावीं आणि सोळांनीं भागावें. चमचा असेल तर वीस सपाट चमचे एका वाटींत टाकून तोलावे. कांट्याची चूक दोन ग्रॅमची असली, तरी ती वीस चमच्यांत वांटली जाऊन एका चमच्यामागें ग्रॅमचा दहावा हिस्सा उरते. पीठ मात्र डब्यांत वाटी खुपसून काढूं नये. आधीं हलवून मोकळें करावें, चमच्यानें वाटींत सोडावें, आणि कांठावरून सुरीची पाठ फिरवावी. असा निघालेला आंकडा डब्याच्या झांकणावर लिहून ठेवतां येतो. पण दळण दुसऱ्या गिरणीचें आलें, किंवा श्रावणाची ओल लागली, कीं तो खोडून पुन्हां तोलावें लागतें.